वरळी ते महाड : मोत्याचे बिऱ्हाड

प्रवासवर्णन म्हटले की आपली माणसे बुद्धगया लिहितात, सारनाथ लिहितात, अजिंठा-वेरूळ लिहितात. ते प्रवास आम्हीही केले. परंतु आज जो प्रवास लिहायचा आहे तो जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरचा आहे, आणि तो आम्ही एका कुत्र्यासाठी केला. वाचकांनी हसू नये. ज्यांच्यावर राहती जागा सोडायची पाळी आली आहे आणि ज्यांच्या दारात एखादे मुके जनावर आहे, त्यांना यातले दुखणे लगेच कळेल.

वरळीच्या बीडीडी चाळी आपल्या वाचकांना नवीन नाहीत. १९२० नंतरच्या वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या म्हणून बीडीडी. वरळीला १२१ इमारती, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामायिक. एवढ्याशा खोलीत कुत्रा कसा पाळला, असे कोणी विचारील. खोलीत पाळलाच नव्हता. तो पॅसेजमध्ये राहत असे. २०१७ च्या जुलैत, धो धो पावसात जिन्याखाली एक पिल्लू कुईकुई करीत होते. आमची धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती त्याला फ्रॉकमध्ये गुंडाळून वर घेऊन आली. अंगाने पांढरा, एक कान तांबूस. नाव मोत्या. दूध आम्ही पाजले, पण पोसला मजल्याने. एका दारात पाव, दुसऱ्या दारात मटणाची हाडे, तिसऱ्या दारात बोंबलाची डोकी. रात्री मात्र आमच्या उंबऱ्याला पाठ लावून झोपे, म्हणून तो आमचा.

पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ च्या एप्रिलमध्ये झाले आणि वरळीत कामाचा नारळ फुटला तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये. आमच्या इमारतीची पाळी २०२३ मध्ये आली. पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर मिळणार, ही गोष्ट लहान नव्हे. आमचे वडील गिरणीत गेले आणि तिथेच म्हातारे झाले, त्यांना हे स्वप्नातही दिसले नसते. तोपर्यंत संक्रमण शिबिरात जा, नाहीतर भाडे घ्या आणि आपली सोय पाहा. आम्ही भाडे घेतले आणि ठाण्याच्या पलीकडे जागा शोधू लागलो.

जागा शोधणे म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनाव ऐकून जो थोडा वेळ गप्प बसतो, त्याच्याकडे पुन्हा जायचे नसते, हे आम्हांला अनुभवाने कळते. या वेळी प्रश्नांत आणखी एकाची भर पडली. एका ठिकाणी आडनाव चालले, कुत्रा चालला नाही. दुसऱ्या ठिकाणी मालकाच्या स्वतःच्या घरी दोन कुत्रे होते, कुत्र्याचे कौतुक झाले, आणि आडनाव सांगितल्यावर जागा कालच दिली गेल्याचे त्याला आठवले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत की गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. कागद आमच्याजवळ होता. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूने कागद दाखवला की बारावा महिना उजाडत नाही. शेवटी कळव्याला जागा मिळाली. अट एकच, कुत्रा आणायचा नाही.

आता मोत्याचे काय? सल्ले देणारे पुष्कळ भेटले. सर्वांत सोपा सल्ला असा की गोणीत घालायचा आणि खाडीपलीकडे सोडून यायचे. हे सांगणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी स्वतःही तेच केले होते आणि त्यांना वाटे, कुत्र्याला काय, कुठेही जगेल. पण तसे होत नाही. प्रत्येक गल्लीचे कुत्रे ठरलेले असतात. परक्या गल्लीत एकटा कुत्रा उतरवला की तिथले पाच-सहा जण मिळून त्याला फाडतात, नाहीतर तो बिथरून रस्त्यावर धावतो आणि गाडीखाली येतो. दाराशी बसून खाल्लेल्याला उकिरडा उकरता येत नाही. आम्ही कारकून माणूस, कायदा काढून पाहिला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत आज चार माणसांना धड वडापावही येत नाही. तेव्हा त्या दंडाला भिऊन कोणी थांबत असेल असे नाही.

आम्ही घर शोधू लागलो. मोत्यासाठी. कचेरीतल्या एका साहेबांचा कर्जतकडे बंगला आहे. त्यांनी उत्साहाने विचारले, "जात कोणती?" आम्ही म्हटले, गावठी. "मग नको." आमच्या टेबलाभोवतीचे सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते हसू टिकले नाही. एका गोदामाचा रखवालदार घ्यायला तयार होता. आम्ही जागा पाहून आलो. हातभर साखळी, दिवसरात्र उन्हात बांधायचा, म्हणजे भुंकत राहील. नको म्हणून आलो. प्राण्यांच्या आश्रमांत विचारले, तर तिथे आजारी, लंगडी, आंधळी जनावरे आधीच मावत नव्हती. धडधाकट कुत्रा, आणि घर असलेला, त्यांनी का घ्यावा? त्यांचे म्हणणे बरोबर होते.

खोली रिकामी करायला तीन आठवडे उरले असताना आमच्या आईने मामीचे नाव काढले.

मामी म्हणजे आईच्या धाकट्या भावाची बायको. महाडपासून आत, सावित्रीच्या खोऱ्यात एका गावच्या बौद्धवाडीत एकटी राहते. मामा जाऊन बारा वर्षे झाली, मुलगा डोंबिवलीला. २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर वाचकांना आठवत असेल. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या पुरात मामीच्या पडवीत छातीभर पाणी आले, चार शेळ्या गेल्या आणि दावणीला बांधलेला म्हातारा कुत्राही गेला. त्याला सोडायला ती वेळेवर पोहोचली नाही. तेव्हापासून तिने दाराशी जनावर ठेवले नव्हते. म्हणून आईने फोन केला तेव्हा मामी साफ नाही म्हणाली. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "आणा. चार दिवस ठेवून बघू. राहिला तर राहिला, न्हाई तर परत न्या." परत कुठे नेणार होतो, हे आम्ही तिला सांगितले नाही.

निघण्यापूर्वीची तयारी मुद्दाम लिहितो, कारण ती कोणाच्या तरी कामी येईल. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन मोत्याला पिसाळीची लस टोचून घेतली आणि तारखेचे कार्ड करून घेतले. नसबंदी आधीच झालेली होती, ते कागदही बरोबर घेतले. नव्या माणसाच्या हाती कुत्रा देताना कागद द्यावेत. उद्या तो कोणाच्या पोराला नुसते ओरखडले तरी त्या घरावर बोट दाखवले जाते, आणि वाडीतल्या एकट्या बाईवर तर लवकर दाखवले जाते. त्याची झोपायची गोधडी धुतली नाही, तशीच बांधली. मुलीने पंधरा दिवस बसून एक वही लिहिली. मोत्या काय खातो, कशाला भितो (फटाके आणि प्रेशर कुकरची शिट्टी), पोटात दुखले की कोपऱ्यात कसा बसतो. मामीला वाचता येत नाही. तरी वही लिहिली.

न्यायचा कसा, हा पुढचा प्रश्न. रेल्वेने कुत्रा नेता येतो, पण आपल्यासारख्यांच्या डब्यातून नाही. पार्सल कचेरीत त्याची नोंद करून गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावा लागतो. साऱ्या वाटेवर अंधारात एकटा. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात अख्खी दोनजणांची खोली घेतली तर जवळ ठेवता येतो, पण ते भाडे ऐकून आम्ही खिडकीवरून मागे फिरलो. मग असे जमले की आमचे लोखंडी कपाट आणि वडिलांची शिसवी खाट कळव्याच्या जागेत मावत नव्हती, ती मामीकडेच ठेवायची होती. शेजारच्या मुलाचा छोटा हत्ती होता. डिझेल आणि जेवण यावर तो यायला तयार झाला. पुढे चालक आणि आई, मागे कपाट, खाट, आम्ही, मुलगी आणि मोत्या.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपता संपता, पहाटे पाचला वरळी सोडली. मोत्याला आदल्या रात्री सातनंतर खायला दिले नव्हते, नाहीतर वाटेत ओकतो. पॅसेजमध्ये उरलेली सहा-सात बिऱ्हाडे बाहेर आली. एका म्हाताऱ्या आजोबांनी त्याच्यासमोर ग्लुकोजचा पुडा फोडला. आम्ही नको म्हणेपर्यंत त्याने अर्धा संपवलाही होता.

शीव, मानखुर्द मागे टाकून वाशीच्या पुलावर आलो तेव्हा उजाडत होते. खाडीचा वारा लागला आणि मोत्या मान वर करून वास घेऊ लागला. त्याने सहा वर्षांत वरळीचा समुद्र पाहिला होता, पण चाळीच्या हद्दीपलीकडे तो फारसा कधी गेला नव्हता. पनवेलला पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता धरला. थोड्या वेळाने डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका, अंगठा वर केल्यासारखा. पेणला चहा घेतला. भाद्रपद संपून महिना उलटला होता, तरी कारखान्यांच्या दारांत न रंगवलेले गणपती ओळीने उभे होते. मोत्या त्यांच्यावर भुंकला आणि कामगार हसले.

वडखळपासून पुढचा रस्ता आम्ही लहानपणापासून जातो. तेव्हा तो दोन गाड्यांपुरता होता. चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, आणि २०२३ मध्ये आम्ही जात होतो तेव्हाही कुठे नवे काँक्रीट, कुठे जुना खड्डा, कुठे मातीचे वळण, असेच चालले होते. नागोठण्यापुढे कपाटाने असा हिसका दिला की मुलगी घाबरून ओरडली. मोत्याला अर्धा ग्लुकोज भोवला. गोधडीचा एक कोपरा खराब झाला. कोलाडला कुंडलिकेवर उतरून त्याला पाणी पाजले, पाय मोकळे करू दिले. दोरी हाताला दोन वेढे घेऊन धरली होती. वाटेत कुत्रा निसटला तर त्याला ना मागचे घर सापडते ना पुढचे.

माणगाव गेले, लोणेरे आले. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची कमान पाहून आईने नेहमीप्रमाणे हात जोडले. मग दासगाव. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी पद्मावती बोटीने निघाली, ती या दासगावच्या बंदरात उतरली आणि इथून महाडपर्यंत पायी चालत गेली. हे आम्ही मुलीला दर वेळी सांगतो आणि ती दर वेळी, "माहीत आहे, बाबा" म्हणते. त्या दिवशी ती काही बोलली नाही. मोत्याचे डोके तिच्या मांडीवर होते.

महाडला येऊन चवदार तळ्यावर न थांबता पुढे जाणे आमच्या आईला मान्य नाही. गाडी बाजूला लावली. आई आणि चालक आत जाऊन आले, मग आम्ही गेलो. मोत्या गाडीतच होता. तळ्याकडून परत आल्यावर मुलीने विचारले, "याला तळ्यावर नेऊन पाणी पाजू का?" आम्हांला पटकन उत्तर सुचेना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायले, त्या तळ्यावर त्याआधी गुरेढोरे, कुत्रीमांजरे जात होती आणि आपला माणूस जाऊ शकत नव्हता. त्या ओंजळीनंतर डोकी फुटली, तळे गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतले गेले, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. हे सारे आमच्या मनात चालले असताना आईच म्हणाली, "न्हेऊ नको. गर्दी हाय, बिचकंल. त्याला काय, त्याला तवाबी कोन अडवनार नव्हतं." मग मुलीने विचारले, "मग आजी, कुत्र्यांचा राग नाही येत?" आई म्हणाली, "त्यानं काय केलंय?" आणि टपरीवाल्याकडून वाटी मागून घेऊन तिने स्वतः त्याला पाणी पाजले.

महाडहून आत वाडीपर्यंतचा रस्ता बरा होता. भात कापून झाले होते, अंगणाअंगणांत पेंढा पडला होता. वाडी गावाच्या एका टोकाला, ओढ्याच्या अलीकडे. जिथे होती तिथेच आहे. फक्त घरे आता सिमेंटची झाली आहेत. मामी पडवीत उभी होती. तिने आधी कपाट पाहिले, खाट पाहिली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मोत्याकडे पाहिलेच नाही.

वाडीच्या कुत्र्यांनी मात्र पाहिले. पाच मिनिटांत चौघे आले, अंगाचे केस उभे करून. मोत्या आमच्या पायांत घुसला. मामीने कोपऱ्यातली काठी उचलून एकदाच जमिनीवर आपटली आणि चौघांना त्यांच्या त्यांच्या नावाने शिव्या घातल्या. ते गेले. मग ती मोत्याला म्हणाली, "ये आत. मुंबईचा पाव्हना." तिने त्याच्याशी बोललेले ते पहिले वाक्य.

आम्ही तिथे तीन रात्री राहिलो. पहिल्या दिवशी त्याने अन्नाला तोंड लावले नाही. आम्ही भरवू लागलो तेव्हा मामीने अडवले. "तुमी दिलं तर तुमच्याच हातचं खाईल. तुमी जानार." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने तांदळाच्या भाकरीवर सुकटीचे कालवण ओतून ताटली दूर ठेवली आणि पाठ फिरवून बसली. मोत्या उठला, गेला, आणि ताटली चाटून पुसून ठेवली. मुलगी दाराआडून पाहत होती. तिला आनंद झाला की वाईट वाटले, हे तिचे तिलाही कळले नसावे. रात्री त्याला मामी आत घेई, कारण त्या भागात बिबट्या उतरतो आणि त्याला अंगणातला कुत्रा सगळ्यांत आधी सापडतो. बांधायचे नाही, एवढे तिने पहिल्या रात्रीच सांगून टाकले होते. घरात कोंडीन, दावणीला बांधणार नाही. का, ते कोणी विचारले नाही.

हे बांधण्याचे प्रकरण मात्र आम्हांला जड गेले. नव्या जागी निदान पंधरा दिवस तरी कुत्रा मोकळा सोडू नये, हे आम्ही तिला परोपरीने सांगितले होते. फिरायला न्यायचा तोही दोरीने. ती हो म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी ती त्याला ओढ्याकडे घेऊन गेली, तेवढ्यात आम्ही निघालो. भेटून निघावे असे मुलीचे म्हणणे होते, आम्ही नाही म्हटले. बरोबर केले की चूक, आजही सांगता येत नाही. पळून जाणाऱ्यासारखे वाटले, एवढे खरे.

आठव्या दिवशी फोन आला. मोत्या नाही. मामीने दार उघडे ठेवले होते.

त्या रात्री आमच्या घरी जेवण झाले नाही. सकाळी आम्ही रजेचा अर्ज टाकून निघण्याच्या बेतात असताना पुन्हा फोन. मोत्या सापडला होता. वाडीपासून तीन किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी, एसटीच्या शेडमध्ये बसून होता. आमचा टेम्पो ज्या रस्त्याने आला होता, तो पकडून तो तिथवर गेला आणि पुढे रस्ता फुटतो तिथे थांबला. रात्रभर तिथेच असावा. मामी काठी टेकत तीन किलोमीटर चालत गेली होती. पासष्टीची बाई, गुडघे धरलेले. "मला बघून उठला, शेपूट हालवली आन् मागं मागं आला. दोरी न्हाई लावली." हे सांगताना तिचा आवाज बदललेला होता. चार दिवसांची बोली त्यानंतर तिने काढली नाही.

महिनाभर आम्ही फोन केला की मुलगी हाका मारी आणि मोत्या फोनभोवती घिरट्या घालून रात्री रडे. मामीने बजावले की आता फोनवर त्याचे नाव घ्यायचे नाही. मुलीने पाळले. कसे पाळले, ते आम्ही पाहिले आहे.

२०२४ च्या मे महिन्यात गेलो. लांबून ओळखले त्याने. धावत आला, मुलीच्या अंगावर उड्या मारल्या, लोळला, ओरडला. दिवसभर तिच्यामागे होता. भाताच्या खाचरांतून, ओढ्यावर, वाडीच्या त्या चार कुत्र्यांबरोबर. अंगाने भरला होता, कान फाटला होता. रात्री मुलीने त्याची ती गोधडी आपल्या अंथरुणाशेजारी पसरली. तो येऊन बसला, थोडा वेळ बसला, मग उठला आणि मामीच्या खोलीच्या उंबऱ्याला पाठ लावून झोपला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या नव्या इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्यांत आमचा नंबर नव्हता, आम्ही वाट पाहत आहोत. त्या संध्याकाळी टीव्हीवर चाव्या वाटताना पाहून आईने मामीला फोन लावला आणि बऱ्याच गोष्टी झाल्यावर विचारले की नवीन घर मिळाले म्हणजे मोत्याला न्यायचा का. त्या घरात लिफ्ट आहे, कायदाही आपल्या बाजूने आहे. पलीकडे मामी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्या गळ्यातला पट्टा घट्ट व्हतोय. पोरीला सांग, येताना दोन भोकं मोठा आन."